औषध उष्ण पडतं

शेवट आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला उगाच आशा लागून राहायला नको. आमचा ठोंब्या गेला. ठोंब्या म्हणजे आमचं कासव. कासवाच्या आजारपणावर कुणी एवढं लिहितं का, असं आमच्या स्टाफरूममध्ये मला विचारून झालंय. लिहितं. कारण तो आजारी पडला तेव्हा मी मराठीत असं काही शोधत होते आणि मला सापडलं ते फक्त वास्तुशास्त्र. कासवाचं तोंड कुठल्या दिशेला असावं यावर पानंच्या पानं होती. त्याच्या नाकातून फेस येत असेल तर काय करावं, यावर अक्षर नव्हतं.

तेव्हा ज्यांच्या घरी काचेच्या टाकीत असं एखादं कासव आहे आणि ते कालपासून जेवत नाहीये, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आम्हाला औषध बरोबर मिळालं होतं. डॉक्टर चांगल्या होत्या. घरातली माणसं तर जीव टाकत होती. तरी गेला.

"एवढंच राहतं"

आम्ही नाशिक रोडला राहतो. मी देवळाली कॅम्पच्या एका शाळेत मराठी शिकवते, नवरा अंबडला कंपनीत शिफ्टवर असतो. सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, नोटांच्या प्रेसमधून रिटायर होऊन आता पुष्कळ वर्षं झाली. सासूबाईंना आम्ही सगळेच आई म्हणायचो.

माझी मुलगी सई सातवीत असताना तिनं हट्ट करून हे कासव आणलं. बिस्किटाएवढं, हिरवंगार, डोळ्यांमागे लाल पट्टा. दुकानदार म्हणाला, "मॅडम, हे एवढंच राहतं." सई पुण्याला कॉलेजला गेली तोवर ते भाकरीएवढं झालं होतं. (आपल्या नद्यांतली आणि रानातली कासवं पाळायला कायद्यानं बंदी आहे. हे परदेशी जातीचं होतं. इथेच सांगून ठेवते, नाहीतर कुणीतरी विचारणारच.)

अण्णांचा सुरुवातीला कडक विरोध. "कासव देवळात असतं, दगडाचं. नमस्कार करायचा आणि पुढे जायचं. जिवंत घरात आणून त्याची घाण उपसायची, ही कुठली पद्धत?" आई म्हणाल्या, "राहू दे." तेवढंच. आई मुळातच कमी बोलायच्या. आमटीत मीठ कमी असलं तरी एकदाच म्हणायच्या, तेही अशा आवाजात की तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली तर गेलंच. एकच गोष्ट दुसऱ्यांदा मागणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. ठोंब्या हे नाव मात्र अण्णांनीच ठेवलं, कारण तो दगडावर नुसता बसून असायचा, घरात काय चाललंय याचं त्याला काही देणंघेणं नसायचं.

दोन वर्षांपूर्वी आई गेल्या. त्यानंतर टाकी हॉलमधून अण्णांच्या खोलीत गेली. कधी गेली ते मला सांगता येणार नाही, एक दिवस ती तिथे होती. अण्णांना सकाळी पेपर मोठ्यानं वाचायची सवय. आई होत्या तेव्हा त्या भाजी निवडता निवडता ऐकायच्या. आता ठोंब्या मान उंच करून ऐकायला लागला. "कांदा पुन्हा पडला बघ ठोंब्या," असं स्वयंपाकघरात ऐकू यायचं आणि मला हसू यायचं. घरात पुन्हा कुणीतरी बोलतंय, याचं बरंही वाटायचं.

तिरका

त्या हिवाळ्यात थंडी जरा जास्तच पडली. अण्णांचे चुलतभाऊ निफाडकडचे, त्यांची द्राक्षबाग आहे. पारा उतरला की ते लोक पहाटे बागेत शेकोट्या करतात, वेलींना ऊब मिळावी म्हणून. रोज फोनवर त्याचंच बोलणं. गारठ्यानं वेल बसते हे आमच्या घरात प्रत्येकाला ठाऊक होतं. टाकीतलं पाणीही गारठलंय, हे मात्र एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आधी त्यानं खाणं सोडलं. मग तो तिरका पोहायला लागला. एक बाजू वर, एक खाली, टायर बसलेल्या रिक्षासारखा. नाकाशी बुडबुडे यायचे. डोळे सुजून मिटले. मधूनच मान ताणून तोंड उघडायचा आणि तसाच राहायचा, जांभई अर्धवट राहिल्यासारखा.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "कशाला जिवाला घोर लावून घेता? गंगेवर नेऊन सोडा. गंगामाई सांभाळून घेईल." नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि नको झालेलं सगळं तिच्याच पदरात घालतात. आम्ही सोडलं नाही. तुम्हीही सोडू नका, ते जगलं तरी नदीतल्या बाकीच्या कासवांच्या मुळावर येतं.

अण्णांनी कपाटातून एक डबा काढला. आईंच्या शेवटच्या दुखण्यातली उरलेली औषधं त्यांनी अजून टाकली नव्हती. "यातली अर्धी गोळी चुरून देऊ. अँटिबायोटिक आहे. माणसाचं काय नि कासवाचं काय." मी तो डबा त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला. निदान एक चूक तरी आमच्या हातून झाली नाही.

तोच शब्द

जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावले. एक म्हणाले, "कासव? मॅडम, मी गाई-म्हशी बघतो." दुसरे हसले. तिसऱ्यांनी मात्र भलेपणानं गंगापूर रोडकडच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. त्या साप, कासव, पक्षी सगळं बघतात म्हणाले.

दवाखान्यात सगळी कुत्रीच होती. एक पोरगेलीशी मुलगी मांजर घेऊन आलेली. आमच्याकडे टॉवेल टाकलेला प्लास्टिकचा टब. आतून आवाज आला, "ठोंब्या कोण?" सगळे हसले. अण्णा उठून उभे राहिले, तेव्हा आणखी हसले.

मॅडमनी त्याला उचललं, उलटं केलं, तोंड उघडून आत पाहिलं. "किती वर्षांचा? बाय द वे, हा मादी आहे."

अण्णांनी क्षणभर विचार केला. "असू दे. नाव तेच राहील."

एक्स-रे काढला. मॅडमनी तो उजेडात धरला आणि म्हणाल्या, "न्यूमोनिया आहे, आजोबा."

अण्णांनी टबाची कड घट्ट धरली.  आईंच्या वेळी हाच शब्द त्यांनी ऐकला होता, अशाच पांढऱ्या उजेडासमोर. हॉस्पिटलमधून आईंना घरी आणलं, औषधं चालू होती, आणि थोड्याच दिवसांत त्या गेल्या. मला वाटलं, अण्णा आता म्हणतील, चल घरी. ते म्हणाले, "औषध आहे ना यावर?"

औषध होतं. अँटिबायोटिकचं इंजेक्शन, पुढच्या पायात, दर तिसऱ्या दिवशी. डोळ्यांत थेंब. दिवसातला काही वेळ पाण्याबाहेर कोरड्यावर ठेवायचं. "आणि गरम ठेवा. टाकीवर दिवा लावा, पाण्यात हीटर घाला, दोन्ही चालू राहू द्या. बंद करायचं नाही." एवढ्यात बाहेर एक कुत्रं दुसऱ्याच्या अंगावर गेलं, आरडाओरडा झाला, मॅडम बाहेर धावल्या. मी सगळं लक्षात ठेवलं. का गरम ठेवायचं, ते मात्र विचारलं नाही. आजारी माणसाला पांघरूण घालतात तसंच काहीतरी असेल, असं मला वाटलं. औषध ते औषध, आणि ऊब म्हणजे वरची माया.

टब मांडीवर

मग सुरू झालं ते जाणं-येणं. शाळेतून लवकर निघण्यासाठी मी हेडमास्तरांना काय काय सांगितलं ते इथे लिहीत नाही, ते हे वाचतील. गाडी मी चालवायची, अण्णा शेजारी, टब मांडीवर. द्वारका चौकाच्या सिग्नलला हमखास अडकायचो. गाडीतल्या गाडीत अण्णा त्याला सांगायचे, "आलंच बरं का आता."

इंजेक्शनच्या वेळी मॅडम त्याचा पाय ओढून धरायच्या. सुरुवातीला तो पाय मागे खेचायचा, ताकद होती. पुढे पुढे खेचेनासा झाला. मी ते शहाणपण समजले. सवय झाली असेल म्हटलं.

घरात मात्र तणतण सुरू झाली. नवरा म्हणाला, "एका कासवापायी सगळं घर दवाखाना झालंय." सई रोज व्हिडिओ कॉल करायची आणि विचारायची, "तुम्ही नीट करताय ना सगळं?" त्या 'नीट'नं माझं डोकं फिरायचं. टाकी इथे, उपसायची मी, आणि हिशेब पुण्याला द्यायचा! एकदा मी तिला फाडकन म्हणाले, "मग घेऊन जा तुझं कासव हॉस्टेलवर." तिनं फोन ठेवला. आता वाटतं, तिला फक्त इथे असायचं होतं.

अण्णा एकदा जेवताना म्हणाले, "ते औषध त्याला उष्ण पडतंय."

"काहीतरीच काय, अण्णा," मी म्हटलं आणि पोळी उलटली.

एवढंच बोलणं झालं. त्या तव्यासमोर आणखी थोडी थांबले असते, तर पुढचं वेगळं झालं असतं. पण घरात हे वाक्य इतकं रोजचं होतं, की मला ते ऐकूच आलं नाही. अँटिबायोटिक उष्ण पडतात, हे आमच्याकडे सूर्य पूर्वेला उगवतो इतकं पक्कं आहे. गोळ्या सुरू झाल्या की मागोमाग गुलकंद, सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी, ताक. तोंड आलं की अण्णा म्हणणार, "बघा, म्हटलं नव्हतं?" मला टायफॉइड झाला होता तेव्हा हेच अण्णा भर उन्हात जाऊन माझ्यासाठी चांगला गुलकंद शोधून आले होते. सुनेसाठी एवढं कोण करतं? त्यांची माया नेहमी थंड काहीतरी घेऊनच यायची.

एवढा गार का?

औषध चालू होतं आणि ठोंब्या काही सुधारत नव्हता. मॅडमनी औषध बदललं. तरी नाही. आधी एकदा त्या म्हणाल्या होत्या, "गार लागतोय जरा." मी म्हटलं, सकाळची वेळ, गाडीतली हवा. त्यांना ते पटलं.

पण त्या दिवशी आम्ही दुपारी गेलो होतो. बाहेर चांगलं ऊन होतं. मॅडमनी त्याच्या पोटाखाली हात घातला आणि तो तसाच ठेवला.

"हा एवढा गार का? दिवा चालू असतो ना?"

"हो, सतत," मी म्हणाले.

"नाही," अण्णा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते टबाकडे बघत होते.

"तू शाळेत गेलीस की मी बंद करतो. अगं, आधीच ते औषध एवढं उष्ण. त्यात वरून दिवा, खालून हीटर. तोंड उघडून धापा टाकत होता बिचारा. डोळे आलेत त्याचे. उष्णता झाली नाही तर दुसरं काय? म्हणून मी माठातलं पाणी घालत होतो. त्यानं बरं वाटायचं त्याला. शांत पडून राहायचा."

"आणि मी आल्यावर दिवा चालू असायचा तो?"

"तुझी यायची वेळ झाली की लावायचो. उगाच वाद कशाला?"

 मग मॅडम स्टूल ओढून अण्णांच्या समोर बसल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "आजोबा, आपलं अंग आतून गरम राहतं. ह्याचं राहत नाही. बाहेर जेवढी ऊब, तेवढाच हा गरम. गार पडला की रक्त सावकाश फिरतं, पोट चालत नाही, आजाराशी लढणं तर बंदच होतं. आपण टोचलेलं औषधसुद्धा पोचायला पाहिजे तिथे पोचत नाही. तो शांत होत नव्हता. गारठत होता."

"मग मी रोज त्याला..." अण्णांनी वाक्य तिथेच सोडलं.

"मी नीट समजावून सांगायला हवं होतं," मॅडम म्हणाल्या. "गरम ठेवा म्हटलं आणि मोकळी झाले." डॉक्टर असं म्हणत नाहीत सहसा. त्या म्हणाल्या, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. त्या दिवशी मात्र मला कुणाचाच आदर वाटत नव्हता. मी फक्त चिडले होते.

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी बोलले. "सांगायचं तरी, अण्णा!"

"सांगितलं होतं," ते म्हणाले. "जेवताना. तू काहीतरीच काय म्हणालीस."

मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला. सिग्नल कधीचा हिरवा झाला होता.

उबेचे दिवस

त्यानंतर अण्णांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. खिडक्या लावून घेतल्या. पंखा बंद. दिवा, हीटर, वर टाकीला जुनं ब्लँकेट. माठ उचलून परत स्वयंपाकघरात आणून ठेवला, माझ्याकडे न बघता. ऊन आलं की टब गॅलरीत, ऊन सरकलं की टब सरकवायचा. जो माणूस जानेवारीतही पंखा लावून झोपायचा, तो घामानं भिजलेल्या बनियनवर त्या बंद खोलीत बसून असायचा. पाण्यात बोट घालून बघायचा, पुन्हा बसायचा.

मॅडमनी इंजेक्शनं नव्यानं सुरू केली. आणि एका सकाळी ठोंब्यानं डोळे उघडले. अण्णांनी पालकाचं पान धरलं, त्यानं मान पुढे केली आणि एक तुकडा तोडला. एकच. अण्णांनी मला अशी हाक मारली की माझ्या हातातलं पीठ तसंच राहिलं. सईला फोन लावला, ती तिकडे रडायला लागली, नवऱ्यानं येऊन पान हातात घेऊन बघितलं, खरंच दाताच्या, नव्हे चोचीच्या, खुणा होत्या. त्या दिवशी आमच्याकडे शिरा झाला. देवानं एवढा एक दिवस दिला, त्याबद्दल मी कुरकुर करणार नाही.

पुन्हा काही त्यानं खाल्लं नाही. मॅडम म्हणाल्या, आतून फार उशीर झालाय, आता त्रास होणार नाही एवढं बघू.

तो गेला तेव्हा दगडावर होता, दिव्याखाली, मान बाहेर काढून, नेहमीसारखा. अण्णांनी त्याला हात लावला होता, अंग गरम होतं. दिव्याखाली काहीही गरमच लागणार. म्हणून त्यांना कळलं नाही. ते पेपर वाचत राहिले. पहिलं पान, मग जिल्ह्याचं पान, मग कांद्याचे भाव. मी चहा घेऊन गेले तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी कप खाली ठेवला आणि आधी दिवा बंद केला. अण्णांनी वर बघितलं आणि पेपरची घडी केली.

सोसायटीच्या कुंपणाशी शेवग्याचं झाड आहे, त्याच्याखाली ठोंब्या आहे.

तुमच्यासाठी

आता जे तुम्हाला सांगायचं म्हणून बसले ते सांगते. कासवाला अँटिबायोटिक लागलं तर ते ठरवणारा कासवं बघणारा डॉक्टरच हवा, घरातला डबा नको. आणि औषधाइतकीच ऊब महत्त्वाची आहे. माया म्हणून नाही, औषधाचाच अर्धा भाग म्हणून. पाणी किती गरम ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा, पाण्यात थर्मामीटर ठेवा, आणि का ते विचारा. का हे एकदा विचारलं असतं, तर मी घरी येऊन अण्णांना सांगितलं असतं, आणि अण्णा अडाणी नाहीत, त्यांना पटलं असतं. घरातल्या प्रत्येकाला सांगा. जो दिवसभर घरी असतो त्याला सगळ्यात आधी सांगा. आपण आजारी जिवाजवळ असतो त्यापेक्षा तो जास्त असतो.

इथे हे संपायला हवं होतं.

गॅलरीत

होळी झाली, उन्हाळा लागला. टाकी आतेभावाच्या मुलाला मासे ठेवायला हवी होती, म्हणून मी ती गॅलरीत घेऊन घासत बसले होते. अण्णा खुर्चीवर होते. बराच वेळ ते बघत होते.

"वैशाली," ते म्हणाले, "तुझ्या सासूला त्या वेळी थंडी वाजत होती का गं?"

मी घासायची थांबले.

"हॉस्पिटलमधून आणल्यावर. ती गोधडी मागायची. मी म्हणायचो, औषधं उष्ण आहेत, घाम फुटेल. पंखा लावायचो. कोकम द्यायचो."

 मी म्हणाले, "असं काही नसतं, अण्णा. माणसांचं वेगळं असतं." आणि आत जाऊन खरंच मॅडमना फोन लावला. त्या भल्या, त्यांनी नीट सांगितलं: माणसाचं अंग स्वतःच गरम राहतं, पंख्यानं नि सरबतानं औषध वाया जात नाही, त्यांचं वय होतं, आजार मोठा होता, आजोबांनी असं काही मनात आणू नये. मी अगदी लगबगीनं बाहेर आले, प्रसादाचा द्रोण घेऊन यावं तशी. सगळं सांगितलं. मॅडमच्याच शब्दांत सांगितलं.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

"औषधाचं नाही विचारत गं मी," ते म्हणाले. "ती त्यानं गेली का, असंही नाही विचारत. थंडी वाजत होती का, एवढंच विचारतोय. तू होतीस ना तिथे?"

मी होते. आई कुशीवर वळून पाय पोटाशी घेऊन पडल्या होत्या, लुगड्याचा काठ पावलांखाली दाबून. मला म्हणाल्या होत्या, "जरा गोधडी दे गं." मी आणली होती. अण्णा म्हणाले, नको, आणि मी तिची घडी करून परत कपाटात ठेवली होती. आईंनी पुन्हा मागितली नाही.

"वाजत होती, अण्णा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. ऊन सरकून त्यांच्या पायांवर आलं होतं, त्यांनी खुर्ची हलवली नाही.

"ठोंब्या मुका होता," ते म्हणाले. "त्याचं मला कळलं नाही, ते एक वेळ चालेल. ती तर सांगत होती."